घेण्यापूर्वी : वरखाली नळ्यांची हलकी बंदूक

ह्या सदरात आजवर आम्ही शिलाईच्या यंत्रापासून पाण्याच्या गाळणीपर्यंत अनेक वस्तूंची चिकित्सा केली. परंतु बंदुकीविषयी लिहिण्याचा प्रसंग येईल असे आमच्या कधी मनात आले नव्हते. तो प्रसंग इंदूरच्या एका भगिनींच्या पत्राने आणला आहे. त्यांचे चिरंजीव अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस येथे नोकरीस आहेत. गेली दोन वर्षे ते कचेरीतील मित्रांसमवेत शेजारच्या साउथ डकोटा राज्यात फेझंट नावाच्या पक्ष्याच्या शिकारीस जातात. आजवर मित्राची बंदूक मागून नेत असत, आता स्वतःची घ्यावी म्हणतात. हवी ती ‘ओव्हर-अंडर’ पद्धतीची, म्हणजे दोन नळ्या एकीवर एक अशा बसविलेली. हलकी हवी, आणि किंमत फार नको. भगिनी लिहितात की, हलकी म्हणजे किती आणि माफक म्हणजे किती ह्यातले त्यांना काही उमगत नाही. पण घरात सहा वर्षांची नात आहे, आणि येत्या उन्हाळ्यात त्या स्वतः सहा महिने तिकडे राहावयास जाणार आहेत, तेव्हा आपल्याला ह्यातले चार शब्द कळलेले बरे. त्यांचे म्हणणे आम्हांस पटले. आपल्या समाजातील किती तरी मुले आज तिकडे आहेत. हा प्रश्न एका घरापुरता नसावा.

बंदूक ही आपल्या घरांना अगदीच परकी वस्तू नव्हे. ग्वाल्हेर, इंदूर, देवास, बडोदे येथील जुन्या सरदार-जहागीरदारांच्या वाड्यांत दिवाणखान्याच्या भिंतीवर एखादी विलायती दुनळी असायचीच, आणि आजोबांनी मारलेल्या सांबराची शिंगेही. परंतु १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचे दिवस सरले. लहानसहान पक्ष्यांच्या शिकारीस जे परवाने मिळत तेही १९९१ च्या दुरुस्तीने थांबले. शिवपुरीच्या ज्या जंगलात शिंदे सरकारांच्या शिकारी चालत, तेच आज माधव राष्ट्रीय उद्यान आहे, आणि २०२५ साली त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जाही मिळाला. झाले ते योग्यच झाले असे आम्ही मानतो. मात्र ह्याचा एक परिणाम असा की, बंदुकीबरोबर जी शिस्त घराण्यात चालत येई तीही खुंटली. रिकामी असली तरी माणसाकडे रोखावयाची नाही, कुंपण ओलांडताना काडतूस काढून घ्यावयाचे, उंबऱ्याच्या आत भरलेली आणावयाची नाही, हे धडे ज्या वयात आजोबा नातवाला देत, त्या वयात आताच्या मुलांच्या हाती बंदूक येतच नाही. ती येते तिशी-पस्तिशीत, परदेशात, आणि दुकानदाराच्या हातून. म्हणून ही खरेदी इतर खरेदीसारखी मानू नये.

तिकडची परिस्थिती निराळी आहे हेही सांगितले पाहिजे, नाही तर मुलगा काही आडवाटेला लागला असे मातेस वाटावयाचे. अमेरिकेत शिकार ही परवान्याने, ठरावीक मोसमात आणि ठरावीक संख्येपुरती करण्याची गोष्ट आहे. १९३७ च्या एका कायद्यान्वये लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. फेझंट हा तर तिथला मूळ पक्षीही नव्हे. आपल्या मोराच्या आणि रानकोंबड्याच्याच कुळातला हा चिनी पक्षी. शांघायमधील अमेरिकन वकील ओवेन डेनी ह्यांनी १८८१-८२ च्या सुमारास तो ओरेगॉनला पाठविला आणि पुढे तो मक्याच्या आणि गव्हाच्या मुलखात असा रुजला की साउथ डकोटाने त्याला आपला राज्यपक्षीच करून टाकले. तेथे पहिला मोसम १९१९ साली झाला. आज तो ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो, माणशी दिवसाला तीन पक्षी, आणि तेही केवळ नर. मादी उडाली तर बंदूक खाली. हा नियम पाळावयाचा तर पक्षी उडाल्यापासून निमिषार्धात नर की मादी हे ओळखावे लागते. उतावळ्या माणसाचे हे काम नव्हे.

आता बंदुकीकडे वळू.

नळ्या शेजारी-शेजारी असाव्यात की वरखाली, हा वाद शंभर वर्षांचा आहे. आपल्या वाड्यांतील दुनळ्या बहुधा पहिल्या प्रकारच्या. वरखाली नळ्यांच्या उत्तम बंदुका लंडनच्या बॉस कंपनीने १९०९ मध्ये आणि वुडवर्डने १९१३ मध्ये केल्या. पण त्या राजेरजवाड्यांनीच घ्याव्यात अशा किमतीच्या. सामान्य माणसाला परवडेल अशी वरखाली बंदूक करण्याचा ध्यास जॉन मोझेस ब्राउनिंग ह्या अमेरिकन कारागिराने घेतला. १९२६ साली बेल्जममधील लिएज येथे कारखान्यातच त्याचा अंत झाला, तेव्हा हे काम त्याच्या हाती होते. मुलगा व्हाल ह्याने ते तडीस नेले आणि १९३१ मध्ये ‘सुपरपोज्ड’ नावाची ती बंदूक बाजारात आली. आज ह्या जातीच्या बंदुका जगभर ज्या साध्या दुकानांतून मिळतात, त्याचे बरेचसे श्रेय त्या बापलेकांकडे जाते.

ह्या रचनेचे गुण खरे आहेत. डोळ्यासमोर एकच नळी येते, त्यामुळे नेम धरताना दृष्टी विभागत नाही. खालची नळी खांद्याच्या जवळजवळ सरळ रेषेत असल्याने तिचा धक्का सरळ मागे येतो, तोंड फारसे वर उसळत नाही, आणि दुसरा बार लवकर साधतो. दोन नळ्यांना दोन निरनिराळे चोक लावता येतात. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला किंचित आवळपणा. तो कमी असला की छर्रे लवकर फाकतात, अधिक असला की दूरवर एकत्र राहतात. जवळून उडालेल्या पक्ष्याला पहिली नळी, दूर गेलेल्याला दुसरी. आणि आमच्या मते सर्वांत मोठा गुण निराळाच आहे. ही बंदूक बिजागरीवर मोडून हातावर टाकली की, ती रिकामी आहे हे वीस पावलांवरच्या माणसालाही दिसते. त्यात दोनच काडतुसे मावतात आणि ती दोन्ही उघड्या डोळ्यांनी मोजता येतात. स्वयंचलित बंदूक स्वस्त पडते, तिचा धक्काही सौम्य असतो. तरीही नवख्या माणसाने सोबत्यांबरोबर शेतात चालावयाचे असेल तर दुमडणारी बंदूक घ्यावी, हे आमचे मत आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो.

वजनाचा विचार मात्र सावकाश केला पाहिजे, कारण चिरंजीवांच्या मागणीतला खरा पेच तेथे आहे.

बंदुकीचे माप ‘बोर’ ह्या शब्दाने सांगतात. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक जेवढी जाड तेवढी बाराबोराची नळी. वीस गोळ्या केल्या तर वीसबोराची. म्हणून आकडा मोठा तितकी नळी लहान. पोलादी चौकटीची बाराबोर वरखाली बंदूक साधारण ७ ते ७.५ पौंड, म्हणजे ३.२ ते ३.४ किलो भरते. चिकणमातीच्या तबकड्या उडविण्याच्या खेळातील बंदूक ८ पौंडांच्याही वर जाते. हलकी म्हणून जी विकतात तिची मधली चौकट ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. अशी बाराबोर ६ ते ६.५ पौंडांत बसते आणि वीसबोर ५.५ पौंडांपर्यंत, म्हणजे अडीच किलोपर्यंत उतरते. दुकानात दोन्ही उचलून पाहाव्यात. हलकी हातात घेताच मन तिच्याकडे धावते. दुकानदारही तेच पाहत असतो.

परंतु जे वजन हाताला नको वाटते तेच खांद्याला हवे असते. बार उडाला की छर्रे पुढे आणि बंदूक मागे. काडतूस तेच ठेवून ८ पौंडांच्या जागी ६ पौंडांची बंदूक घेतली, तर तिचा मागे येण्याचा वेग आणि खांद्यावर बसणारी शक्ती दोन्ही एकतृतीयांशाने वाढतात. विल्यम ग्रीनर हा इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा बंदूकसाज. त्याच्या नावाने एक जुना ठोकताळा चालत आला आहे, की बंदुकीचे वजन छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावे. गणित करून पाहू. काडतुसात १ औंस, म्हणजे २८ ग्रॅम छर्रे असतील तर बंदूक ६ पौंडांची हवी. १⅛ औंस असतील तर पावणेसात पौंडांची. १¼ औंसाचे जबर काडतूस घातले तर ७.५ पौंडांची. आणि ⅞ औंसावर भागविले तर सव्वापाच पौंडही पुरतात. फेझंट हा चिवट पक्षी. त्यासाठी दुकानात हमखास १¼ औंसाची, ‘मॅग्नम’ छापाची काडतुसे पुढे केली जातात. साडेपाच पौंडांच्या वीसबोरात तीन इंचांचे तसे काडतूस घालून उडवावयाचे म्हणजे खांद्याला उखळी मुसळाचा प्रसाद. दोन-चार बारांनी शरीर शहाणे होते आणि चाप ओढण्याआधीच आक्रसू लागते. डोळे मिटतात, तोंड हलते, नेम चुकतो.

आणि चुकलेला नेम म्हणजे पक्षी सुटला असे प्रत्येक वेळी होत नाही. पुष्कळदा चार छर्रे मागच्या अंगाला लागतात, पक्षी शे-दोनशे पावलांवर गवतात पडतो, पळतो, कुत्र्याला सापडत नाही आणि रात्री थंडीत मरतो. जीव घ्यावयाचा ठरविले तर तो एका क्षणात गेला पाहिजे. तेवढे तरी आपण त्या पक्ष्याचे लागतो. बंदुकीचे वजन, दस्त्याची लांबी, काडतुसाची निवड ह्या सगळ्या कटकटी त्यासाठी. खांदा दुखतो ही त्यातली लहान गोष्ट.

मग हलकी बंदूक घ्यावयाचीच नाही काय? तसेही नव्हे. तबकड्यांच्या खेळात माणूस एका जागी उभा राहून एका दुपारी शंभर बार काढतो; तेथे जड बंदूक हेच सुख. फेझंटच्या शिकारीत उलट आहे. मक्याच्या कापलेल्या ताटांतून, कमरेइतक्या गवतातून, पाणकणसांच्या दलदलीच्या काठाने दिवसभरात आठ-दहा किलोमीटर चालणे होते, बंदूक सारा वेळ दोन्ही हातांत असते, आणि बार निघतात पाच-सात. चौथ्या प्रहरी थकलेले हात जड बंदूक वेळेवर खांद्याला आणू शकत नाहीत. तेव्हा अर्धा-पाऊण पौंड कमी असण्याला खरा अर्थ आहे. मात्र त्याला मर्यादा आहे. फार हलकी बंदूक झटकन उठते आणि तितक्याच झटकन थांबते. उडत्या पक्ष्याच्या पुढे तोंड नेऊन ते तसेच फिरत ठेवावे लागते. जडपणा असेल तर ते आपोआप फिरत राहते, नसेल तर बार काढताना हात थबकतो आणि छर्रे शेपटीमागून जातात. वजन कोठून कमी केले आहे हेही पाहावे. मिश्रधातूच्या चौकटीने मधले वजन जाते आणि नळ्यांचे राहते, त्यामुळे तोल किंचित पुढे येतो. ते फिरवणुकीला अनुकूलच आहे. नळ्याच आखूड करून हलकी केलेली बंदूक मात्र काठीसारखी भिरभिरते. हलक्या चौकटीवर २८ इंचांच्या नळ्या आम्ही पसंत करू. २६ इंच दाट झुडपांत ठीक.

मिश्रधातू टिकतो काय, अशी शंका स्वाभाविक आहे. चांगल्या कारखान्यात काडतुसाच्या बुडाशी, जेथे जोर येतो, तेथे पोलादाचा किंवा टायटेनियमचा तुकडा बसविलेला असतो, आणि बिजागरीच्या खुंट्याही पोलादी असतात. हे विचारूनच घ्यावे. दिवसाला पाच-सात बार काढणाऱ्याची अशी बंदूक नातवापर्यंत टिकेल. तीच घेऊन दर रविवारी शंभर तबकड्या उडविणार असाल तर पोलादीच घ्या.

किमतीसंबंधी. सर्वांत खालच्या पायरीवर, हजार डॉलरांच्या आत, तुर्कस्तानात आणि ब्राझीलमध्ये होणाऱ्या बंदुका आहेत. तुर्कस्तानात कोन्या प्रांतात हुउलू नावाचे गाव आहे. तेथील कारागिरांनी १९६२ साली सहकारी संस्था काढली आणि आज त्यांच्या बंदुका परदेशी नावांनीही विकल्या जातात. आपल्या साखर कारखान्यांच्या मंडळींनी एकदा पाहून यावे असे हे गाव. ह्या मालाचा दर्जा एकसारखा नसतो. काही नग उत्तम निघतात, काहींचा खटका अडतो, काहींच्या दोन नळ्या एकाच ठिकाणी मारीत नाहीत. दीड-दोन हजार डॉलरांच्या आसपास इटलीतील फ्रांकीची ‘इन्स्टिंक्ट’ मिळते. तिच्यातील ‘एसएल’ हा प्रकार मिश्रधातूचा आणि चिरंजीवांच्या वर्णनाशी तंतोतंत जुळणारा आहे. त्याच्या वर बेरेट्टा, जिचा लोहारकामाचा दाखला १५२६ सालापासूनचा आहे, आणि ब्राउनिंगची ‘सिटोरी’, जी १९७३ पासून जपानमध्ये मिरोकूच्या कारखान्यात तयार होते. ह्या दोहोंच्या हलक्या आवृत्त्याही आहेत, पण नव्या घेतल्या तर ‘माफक’ हा शब्द सोडावा लागतो.

येथे आम्ही जुन्या मालाची शिफारस करू. ‘सिटोरी’सारखी पोलादी बंदूक पाव शतक वापरूनही जेमतेम रुळलेली असते, आणि वापरलेली बऱ्याच कमी किमतीत मिळते. पोलादी चौकटीची वीसबोर साडेसहा पौंडांच्या आसपास भरते. म्हणजे हाताला बाराबोरापेक्षा हलकी, १ औंसाच्या काडतुसाला ग्रीनरच्या मापाने पुरेशी जड, आणि मिश्रधातूची चिंताच नाही. नव्या, अतिहलक्या, अतिस्वस्त बाराबोरापेक्षा अशी जुनी वीसबोर आम्हांला शतपटीने बरी वाटते. कोणी म्हणेल की फेझंटला बाराबोरच हवी. पस्तीस-चाळीस पावलांपलीकडे बार टाकावयाचा नाही एवढा संयम असेल तर वीसबोर पुरते. आणि तो संयम नसेल तर बाराबोरानेही पक्षी जायबंदीच होतात.

जुनी घेताना नळ्या काढून आतून उजेडाकडे धरून पाहाव्यात, पोचे व गंज तेथे दिसतो. बंद करून हलवावी. चौकट आणि नळ्या ह्यांत खडखड नसावी. वरची किल्ली बंद असताना मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे उभी राहत असेल तर बिजागरीत जीव आहे. रेषा ओलांडून डावीकडे गेली असेल तर झीज झाली असे समजावे. चाप एकच असला तर तो कोणत्या जातीचा हे विचारावे: काहींत पहिल्या बाराच्या धक्क्यानेच दुसरी नळी सिद्ध होते, काहींत धक्क्याची गरज नसते. पहिले काडतूस फुसके निघाले तर दुसऱ्या प्रकारात पुन्हा चाप ओढून भागते. रिकामी टरफले झटक्याने बाहेर फेकणारा ‘इजेक्टर’ हा मोठा गुण म्हणून सांगतात. आम्हांला साधा, टरफल वर उचलून देणारा प्रकार अधिक आवडतो. स्वस्त, बिघडत नाही, आणि शेतकऱ्याच्या रानात कचरा पडत नाही.

शिशाचा प्रश्नही आहे. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे अमेरिकेत १९९१ पासून देशभर बंद आहेत, कारण चिखलातले छर्रे खाऊन बदके विषबाधेने मरत. पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या सरकारी जमिनींवर फेझंटलाही शिसे चालत नाही. तेथे पोलादी छर्रे वापरावे लागतात. ते कठीण असतात आणि जुन्या, घट्ट चोकाच्या नळीला इजा करतात. तेव्हा नळ्या पोलादी छऱ्यांस योग्य आहेत की नाहीत हे बंदूकसाजाकडून पाहून घ्यावे. (शिकारीचे मांस शिजवणाऱ्या सुनांनी एवढे लक्षात ठेवावे की घास सावकाश चावावा, दाताचा खर्च तिकडे बंदुकीहून जास्त येतो.)

ह्या सगळ्यांहून महत्त्वाचे म्हणजे बंदूक अंगाला बसली पाहिजे, अंगरख्यासारखी. दुकानातील दस्ता साधारण साडेचौदा इंचांचा, तिकडच्या उंच माणसाच्या मापाचा असतो. साडेपाच फुटांच्या आपल्या माणसाला तो बहुधा लांब होतो, जाड जाकिटावर तर अधिकच, आणि काखेत अडकतो. परीक्षा सोपी आहे. दुकानदाराच्या परवानगीने, बंदूक रिकामी आहे हे दोघांनी पाहून, भिंतीवरील एखाद्या खुणेकडे पाहावे, डोळे मिटावे, बंदूक खांद्याला आणावी आणि मग डोळे उघडावेत. नजर नळीवरून सरळ टोकाच्या मण्यावर गेली तर बसली. नळी चढासारखी दिसली किंवा नजर चौकटीच्या पाठीवर अडली तर नाही. दस्ता अर्धा-पाऊण इंच कापून घेण्यास फार खर्च येत नाही. डावखुऱ्यांनी दस्त्याचा बाक कोणत्या बाजूस आहे तेही पाहावे.

आता कायद्याची एक बाब. हिच्याकडे आपल्या मुलांचे हमखास दुर्लक्ष होते. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाने बंदूक वा काडतुसे बाळगणे हा अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला एक असा की, त्याच्याजवळ अमेरिकेतील राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना असावा. ‘बाळगणे’ ह्यात मित्राची बंदूक हाती धरणेही येते. परवान्याची मुदत संपली आणि बंदूक कपाटात राहिली, तर त्या दिवसापासून कपाटातली ती वस्तू मुलाची नोकरी, व्हिसा आणि पुढचे सारे आयुष्य धोक्यात घालते. ग्रीनकार्ड असलेल्यांची गोष्ट वेगळी. चिरंजीव कोणत्या व्हिसावर आहेत हे पत्रात नाही. पैसे मोजण्यापूर्वी त्यांनी ह्या विषयातील वकिलाला विचारावे, मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नये. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांस शिकारीचा परवाना घेण्यासाठी बंदुकीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रमही पुरा करावा लागतो. तो केवळ सोपस्कार म्हणून उरकू नये. आजोबांचे जे धडे चुकले ते तेथे मिळतात.

राहिली नात. भरलेली बंदूक मुलाच्या हाती लागेल अशा ठिकाणी ठेवणे हा मिनेसोटात गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी काय करावे हे सांगावयास नको. दुमडणाऱ्या बंदुकीची येथे मोठी सोय आहे. नळ्या, पुढचा लाकडी भाग आणि दस्ता असे तीन तुकडे क्षणात सुटे होतात. ते सुटेच ठेवावेत, कुलपाच्या पोलादी पेटीत. काडतुसे दुसऱ्या कुलपात, दुसऱ्या खोलीत. आणि किल्ल्या आई-बाप दोघांनाच ठाऊक. पेटीची किंमत बंदुकीच्या अंदाजातच धरावी. दोन हजार डॉलर खर्चावयाचे असतील तर बंदूक सतराशेची घ्यावी. सासूबाईंनी किल्लीची जागा विचारण्यात मुळीच संकोच मानू नये, मात्र ती कोठे आहे हे स्वतः जाणून घेऊ नये; आजी काहीही सांगते हे नाती जाणून असतात. आणि नातीपासून ती वस्तू लपवून ठेवण्यापेक्षा, बापाने एकदा स्वतः उघडून दाखवावी, हे खेळणे नव्हे, कोठेही दिसली तर हात लावावयाचा नाही, मोठ्या माणसाला सांगावयाचे, एवढे तिच्याकडून म्हणवून घ्यावे. शेजारच्या घरी खेळावयास जाते तेथेही कपाटे असतातच.

मोसम ऑक्टोबरात उघडतो. बंदूक उन्हाळ्यातच घेतली तर दस्ता कापून घेण्यास आणि तबकड्यांवर तीनचारशे बार काढून हात बसविण्यास वेळ मिळेल. खांद्याने तक्रार केली तर ती घरीच कळेल, रानात नव्हे.

एक शेवटची सूचना, दिवाळीस किंवा लग्नकार्यास इकडे येणाऱ्या सर्वांसाठी. शिकारीचे जाकीट आणि शिकारीची पिशवी प्रवासाला कधीही आणू नये. खिशाच्या अस्तरात राहिलेले एक काडतूस आपल्याकडील विमानतळाच्या तपासणीत निघाले, की शस्त्र कायद्याखाली प्रकरण होते. ते विसरून राहिले होते हे कोर्टात सिद्ध होईपर्यंत परतीचे तिकीट वाया गेलेले असते. थंडीचे जाकीट वेगळे घ्यावे. बंदुकीहून ते स्वस्त पडते.